करंटीचा अर्थ

खरं सांगा. गाडी भर रस्त्यात बंद पडलीय, धक्का मारून मारून तुम्ही ती कशीबशी एका टपरीपाशी आणलीय, शर्ट पाठीला चिकटलाय. टपरीत हाताला ग्रीस लागलेली एक बाई बसलीय. तुमच्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं निघेल?

मीच सांगतो. "मिस्त्री कुठे गेलेत?"

लाजू नका, सगळेच विचारतात. टेम्पोवाले विचारतात, डॉक्टर विचारतात, स्वतः नोकरी करून घर चालवणाऱ्या बायकाही विचारतात. ती बाई हातातला पेचकस खाली न ठेवता सांगते, "मिस्त्री जेवायला गेलेत. मी त्यांचं भूत. बॉनेट उघडा."

आमच्या रस्त्यावर तिला करंटी म्हणतात. हे नाव तिला सासूने दिलं. लग्न होऊन ती घरात आली त्याच संध्याकाळी घराचा फ्यूज उडाला. अंधारात सासूचा आवाज आला, "आली बघा करंटी! पाऊल टाकलं नाही तर दिवे गेले." नव्या नवरीने काय करावं? मुसमुसून रडावं. हिने स्टूल ओढलं, कुणाकडून तरी तारेचा तुकडा मागून घेतला आणि फ्यूज बांधला. दिवे आले. सासूने नाव मागे घेतलं नाही, आणि हिनेही परत मागितलं नाही. पुढे नवरा आजारपणात गेला. ज्या बायका तोंडावर "बिचारी" आणि पाठ फिरली की "करंटीच ती" म्हणायच्या, त्यांच्याच नवऱ्यांच्या गाड्यांचे हॉर्न दुरुस्त करताना ती स्वतःच सांगायला लागली, "करंटी म्हणा, चालेल. करंट माझ्याकडेच मिळतो."

टपरी तिच्या सासऱ्यांची. दवाखान्याच्या कुंपणाला पाठ लावून उभी असलेली पत्र्याची खोली, आत भिंतभर खिळे, खिळ्यांवर वायरींची भेंडोळी, एका कोपऱ्यात जुन्या गाडीचं सीट कापून केलेली बैठक. त्या बैठकीवर सासरे बसतात. सगळा रस्ता त्यांना मिस्त्री म्हणतो. सूनसुद्धा टपरीत मिस्त्री म्हणते आणि घरी बाबा म्हणते, आणि यात ती कधी चुकत नाही.

मिस्त्रींच्या कामाची एक खूण होती. त्यांच्या हातून दुरुस्त झालेला प्रत्येक भाग चंदेरी रंगाचा हात मारूनच बाहेर पडायचा. स्टार्टर असो, हॉर्न असो, डायनॅमो असो. गाडीचं बॉनेट उघडलं आणि आत चांदीसारखं काही चमकलं की समजावं, हे मिस्त्रींचं. सुनेलाही त्यांनी ते शिकवलं. पोरगा गेल्यावर टपरीला हात कमी पडू लागले, तेव्हा कुरकुरत त्यांनी तिला दिवे शिकवले, वायरिंग शिकवलं, स्टार्टर उघडायला शिकवला. फक्त एक गोष्ट शिकवली नाही. "इग्निशन माझं," म्हणायचे. डिस्ट्रिब्युटर हातात आला की परीक्षेत पेपर झाकणाऱ्या पोरासारखे पाठ फिरवून बसायचे. तिने मान वाकडी केली की खेकसायचे, "करंटे, तिकडे बल्ब बघ."

आणि तिची बल्बांची भाषा ऐकण्यासारखी. एकदा एका गृहस्थांच्या गाडीचे दिवे मिणमिणत होते. हिने वाकून पाहिलं आणि जाहीर केलं, "तुमच्या गाडीत अर्थ नाही." गृहस्थ पडलेल्या चेहऱ्याने म्हणाले, "मग विकून टाकू म्हणता?" ती हसून हसून स्टुलावरून खाली यायची राहिली. ज्यांनी कधी टेस्ट लॅम्प हातात धरला नाही त्यांच्यासाठी सांगतो. करंट बॅटरीतून वायरीने येतो आणि गाडीच्या लोखंडातून परत जातो. त्या परतीच्या वाटेला मिस्त्री लोक अर्थ म्हणतात. शब्द इंग्रजीतून आलेला, पण आपल्या तोंडात असा मुरलाय की आता दोन अर्थांत कोण पाहुणा आणि कोण घरचा ते कळत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता त्या दिवसाकडे येतो.

मिस्त्रींच्या डोळ्यांत पडदा आला. ते माणसं आकारावरून ओळखायचे आणि वस्तू चकाकीवरून. नगरपालिकेने फर्मान काढलं की ज्याच्याने धंदा होत नाही त्याने टपरीचा परवाना घरातल्या एका माणसाच्या नावावर करून द्यावा, नाहीतर जागा गेली. घरात दोन नावं. एक करंटी. दुसरा तिचा धाकटा दीर. दीर वाईट माणूस नाही, हे मी दात खाऊन लिहितोय. त्याला ग्रीसचा वास सहन होत नाही, एवढंच. त्याला तिथे मोबाइलची कव्हरं विकायची होती. "वहिनी, तुम्ही घरी आरामात बसा, मी आहे ना," असं तो अगदी मनापासून म्हणायचा. मनापासून म्हटलेल्या असल्या वाक्यांनी किती बायका कामाधंद्यातून उठल्या याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

मी टपरीवाल्यांच्या संघटनेचं काम करतो. मिस्त्रींना म्हटलं, "सरळ सुनेचं नाव द्या. टपरी चालवतंय कोण?"

मिस्त्री म्हणाले, "दिवे-हॉर्न म्हणजे टपरी नव्हे. इग्निशन येत नाही तो मिस्त्री कसला?"

"तुम्ही शिकवलंत का?"

"शिकवावं लागतं तो मिस्त्री कसला?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात म्हाताऱ्याने आपला निकाल ऐकवला. मुदतीच्या शेवटच्या दिवशी नगरपालिकेच्या ऑफिसात सही करायला ते स्वतःच्या गाडीने जाणार. त्यांची ती जुनी, चौकोनी, बंद पडून राहिलेली गाडी. "जो ती चालू करून मला नेईल, त्याचं नाव. बाहेरच्या मेकॅनिकचा हात लावायचा नाही. गाडी नाही चालली तर रिक्षाने जाईन. मग रिक्षा जो आणेल त्याचं नाव."

रिक्षा कोणीही आणू शकतो. म्हणजे निकाल कुणाच्या बाजूने झुकला होता ते सांगायला नको. दिराने प्लग काढून पुसले, पेट्रोल बदललं, दोनदा सेल्फ मारला आणि हात धुऊन टाकले.

त्या गाडीचं दुखणं करंटीला ठाऊक होतं. जुन्या गाडीत डिस्ट्रिब्युटर नावाचा डबा असतो. त्याच्या पोटात धातूचे दोन चिमुकले ओठ उघडझाप करतात, ते पॉइंट. ते मिटले की कॉइलमध्ये करंट भरतो, उघडले की ठिणगी सुटते. पण ओठ झिजतात, मधली फट बिघडते, आणि ती फट पातळ पट्टी घालून केसाच्या हिशेबाने बसवावी लागते. मिस्त्रींना फट दिसत नव्हती आणि ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हते. करंटीने साधा विचार केला. ज्या फटीवरून एवढं रामायण, ती फटच नको. आदल्या दिवशी तिने डिस्ट्रिब्युटर उतरवून घरी नेला आणि त्यात इलेक्ट्रॉनिक किट बसवलं. काडेपेटीएवढी काळी डबी, चुंबकाची एक कडी, बाहेर येणाऱ्या दोन वायरी. झिजायला काही नाही, फट बसवायला काही नाही.

मग तिने टपरीच्या रिवाजाप्रमाणे रंग काढला. एक हात बाहेरून. मग वाटलं, मिस्त्रींना चकाकी तेवढीच दिसते, निदान ती तरी नीट दिसू दे. म्हणून दुसरा हात. डब्याला, तळाच्या बैठकीला, धरून ठेवणाऱ्या पट्टीला, बोल्टलासुद्धा. असा सजवला की लग्नाला निघावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ते सगळं इंजिनावर चढवलं, मिस्त्रींना बैठकीवर आणून बसवलं आणि मला हाक मारली. "भाऊ, साक्षीदार पाहिजे. संघटनेची पावती फाडताना हजर असता, आता कामाच्या वेळी या."

दीर रस्त्याच्या कडेला घड्याळ बघत उभा होता.

तिने सेल्फ मारला. इंजिन गरागरा फिरलं. पुन्हा मारला. पुन्हा गरागरा.

"फिरतंय, पेटत नाही," मिस्त्री बैठकीवरून म्हणाले. डोळे गेले तरी कान जागेवर होते.

करंटीने डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतून मधली जाड वायर उपटली, तिचं टोक इंजिनाच्या लोखंडाजवळ धरलं आणि मला सेल्फ मारायला लावला. ठिणगी नाही. नावालाही नाही.

"काय केलंस आत?" मिस्त्रींचा आवाज बदलला होता.

"पॉइंट काढले. इलेक्ट्रॉनिक बसवलंय."

"माझ्या गाडीत खेळणं बसवलंस? मला न विचारता?"

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतात?"

"नसतो म्हणालो!"

"म्हणून नाही विचारलं."

दीर म्हणाला, "वहिनी, तरी मी सांगत होतो..."

"भाऊजी, तुम्ही काहीच सांगत नव्हता. तुम्ही घड्याळ बघत होता. तेच बघा."

तिने टेस्ट लॅम्प काढला. ही तिची आवडती वस्तू: पेचकसाच्या दांड्यात बल्ब, शेपटीला वायर आणि वायरीच्या टोकाला चिमटा. चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला लावला आणि टोक कॉइलच्या पॉझिटिव्हला टेकवलं. बल्ब पेटला. सेल्फ मारताना टेकवलं, तेव्हाही पेटला. किटची लाल वायर तपासली, पेटला. जिथे जिथे करंट यायला हवा तिथे तिथे येत होता.

"मग कॉइल गेली," मी म्हणालो. मला त्यातलं काही कळत नाही, पण गप्प राहणं मला जमत नाही.

"बघू ना. भाऊ, ही जाड वायर धरा. लाकडी पट्टीने धरा हं, हाताने नको."

मी म्हटलं, लाठ्या खाल्लेला माणूस मी, वायरीला काय भ्यायचं. हाताने धरली. तिने कॉइलच्या निगेटिव्हला तारेचा एक तुकडा जोडला आणि त्याचं मोकळं टोक इंजिनाला टिचकी मारल्यासारखं लावून सोडलं. पुढचं मला नीट आठवत नाही. मी फुटपाथवर होतो आणि दवाखान्याच्या खिडकीतून दोन पेशंट डोकावून बघत होते.

"कॉइल चांगली आहे," करंटी म्हणाली.

बैठकीवरून खुसखुस ऐकू आली. म्हातारा हसत होता. लगेच त्याने खोकल्याचं सोंग केलं.

म्हणजे करंट येतो, कॉइल ठिणगी देते, पण कॉइलला वेळेवर टिचकी मारणारी ती काळी डबी काम करत नाही. करंटीचा चेहरा उतरला. नवी वस्तू, आणि जोडून झालेली इलेक्ट्रिकची वस्तू कोणताही दुकानदार परत घेत नाही. मी कपडे झटकत उठलो आणि सुरू झालो, नकली माल विकतात साले, आत्ताच्या आत्ता दुकानावर मोर्चा नेतो, शटर खाली ओढायला लावतो.

"भाऊ, मोर्चा संध्याकाळी काढा. आधी मला विचार करू द्या."

दीर तोवर रिक्षा घेऊन आला होता. रिक्षावाला इंजिन बंद करून आरामात मागे रेलला.

"जुने पॉइंट कुठे आहेत?" मिस्त्रींनी विचारलं. "की फेकलेस?"

तिने फेकले नव्हते. कापडात गुंडाळून हत्यारांच्या खोक्यात ठेवले होते. तिने किट उतरवलं आणि पॉइंट पुन्हा चढवले. ते बघवत नव्हतं. हरलेला माणूस स्वतःच्या हाताने सामान आवरतो तसे तिचे हात चालले होते. फट बसवायची वेळ आली तसे मिस्त्री उठून आले. "सरक. फट मी बघतो." वाकले. पट्टी हातात धरली, डोळा जवळ नेला, आणखी जवळ नेला. पट्टी पॉइंटला लागायच्या ऐवजी दोनदा बाजूच्या स्क्रूवर गेली. आम्ही सगळे इकडेतिकडे बघत राहिलो.

मग त्यांनी पट्टी तिच्या हातात दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"आत जाईल पण अडेल, अशी. लोण्यातून जाते तशी नको आणि ढकलावी लागेल तशीही नको."

"अशी?"

त्यांनी तिच्या हातावर हात ठेवून पट्टी ओढून पाहिली. "जरा घट्ट. हां. बस."

आता चालणारच, असं मला वाटलं. दिरालाही वाटलं असणार, कारण तो रिक्षापासून दोन पावलं पुढे आला. तिने सेल्फ मारला.

गरागरा. ठिणगी नाही.

नव्या किटने नाही आणि मिस्त्रींच्या स्वतःच्या पॉइंटनेही नाही. मिस्त्री तसेच वाकून उभे होते. त्यांचा अंगठा डिस्ट्रिब्युटरवरून फिरत होता. डब्यावरून, पट्टीवरून, बोल्टवरून, खाली जिथे डबा इंजिनात बसतो तिथपर्यंत. मग त्यांनी हात काढून घेतला आणि अंगठा बोटावर घासला.

"ह्यात काही अर्थ नाही, करंटे," ते म्हणाले आणि जाऊन रिक्षात बसले.

माझा तोल गेला. मी रिक्षाच्या तोंडाशी उभा राहिलो. "मिस्त्री, उभी हयात ती तुमच्यासाठी राबली, आणि तुम्ही सरळ म्हणता अर्थ नाही? लाज वाटत नाही? तुम्हा बापलेकांच्या डोळ्यांवर पडदा आहे, तुमचा निदान डॉक्टर काढू शकतो!"

"ए, बाबांना काय बोलतोस?" दिराने माझी कॉलर धरली.

"सोड! कव्हरं विक जा!"

"भाऊ!" मागून करंटी ओरडली. "गप्प बसा जरा! काय म्हणाले ते?"

"काय म्हणणार? म्हणाले, ह्यात अर्थ नाही!"

"तेच म्हणाले ना? शब्द तोच होता ना?"

ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. तिने टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हवरून काढला आणि पॉझिटिव्हला लावला. सकाळपासून तिने येणारा करंट तपासला होता. आता ती परतीची वाट तपासत होती. टोक इंजिनाला टेकवलं, बल्ब लख्ख पेटला. मग तेच टोक तिने डिस्ट्रिब्युटरच्या आत, पॉइंट ज्या पत्र्यावर बसतात त्याला टेकवलं.

अंधार.

पुन्हा इंजिन, उजेड. पुन्हा पत्रा, अंधार.

"अर्थच नाही!" ती किंचाळली आणि खदाखदा हसायला लागली. डोळ्यांतून पाणी. "भाऊ, डब्याला अर्थच नाही! मीच रंगवलाय! दोन हात! सगळीकडून!"

मला समजायला वेळ लागला, तुम्हाला लागू नये म्हणून सांगतो. पॉइंट असोत की किट, त्यांचा करंट त्या पत्र्यातून डब्यात आणि डब्यातून इंजिनाच्या लोखंडात परत जातो. रंगातून करंट जात नाही. तिने म्हाताऱ्याला दिसावं म्हणून प्रेमाने दिलेला रंग डबा आणि इंजिन यांच्या मध्ये भिंत होऊन बसला होता. आणि मिस्त्री इतकी वर्षं रंगवत होते ते कसं चालत होतं? पाठ फिरवून काय करत होते ते आता कळलं. रंग सगळ्यांदेखत लावायचे. बसवण्याआधी खालची कोरभर जागा खरवडायचे, ती कोणाला न दाखवता. सुनेला त्यांनी रंग शिकवला होता. खरवडणं नाही.

करंटीने पेचकसाच्या टोकाने इंजिनावर खूण केली, म्हणजे डबा परत बसवताना तो बरोबर त्याच कोनात बसावा, आणि बोल्ट सोडवायला घेतला.

इकडे रिक्षा हलत नव्हती. मिस्त्री आतून मुलाला सांगत होते, "माझा चष्मा राहिला घरी. सही कशी करू? जा, घेऊन ये."

"बाबा, उशीर होईल!"

"चष्म्याशिवाय मी कुठे सही करतोय ते मला दिसेल का?"

चष्म्याने तरी कुठे दिसत होतं. पण दीर बापाच्या शब्दाबाहेरचा नव्हता. पाय आपटत घरी गेला. तो वळणावर दिसेनासा झाला, आणि मी बघितलं, मिस्त्रींच्या सदऱ्याच्या खिशातून चष्म्याची एक काडी बाहेर डोकावत होती. मी तोंड उघडणार होतो. म्हाताऱ्याने माझ्या दिशेने बोट उचललं. मी तोंड मिटलं. हे माझ्या आयुष्यात फार वेळा घडलेलं नाही.

करंटी पॉलिश पेपर घेऊन डब्याची बैठक घासत होती, जोरात, रागाने.

मिस्त्री रिक्षावाल्याशी गप्पा मारल्यासारखे मोठ्याने म्हणाले, "काही काही लोकांना ना, अख्खी भिंत खरवडायची सवय असते. नखाएवढी जागा पुरते. जास्त खरवडलं की गंज धरतो."

रिक्षावाला म्हणाला, "कुठली भिंत, काका?"

"तुला नाही सांगत."

करंटीचा हात थांबला. तिने एकदा रिक्षाकडे पाहिलं. मग खाली नखाएवढी जागा, पट्टीखाली नखाएवढी जागा, बोल्टचं डोकं, एवढंच घासून लखलखीत केलं आणि बाकीच्या रंगाला हात लावला नाही. मग पॉइंटचे स्क्रू सोडवायला लागली.

"आता ते कशाला काढतेस?" मी म्हणालो. "पॉइंटनेही चालेल की. वेळ कुठे आहे?"

"चालेल. आणि परत झिजेल. मग परत फट, परत पाठ फिरवून बसणं." ती सरळ रिक्षापाशी गेली. एका हातात पॉइंट, दुसऱ्या हातात काळी डबी. "मिस्त्री, तुमचे पॉइंट लावू की माझं किट?"

म्हातारा दोन्ही हातांकडे बघत राहिला.

"मला दोन्ही दिसत नाहीत," तो म्हणाला. "तुला जे दिसतं ते लाव."

तिने किट लावलं. डबा खुणेवर बसवला, बोल्ट आवळला, टेस्ट लॅम्पचं टोक पत्र्याला टेकवलं. बल्ब पेटला. मधली जाड वायर इंजिनाजवळ धरली, लाकडी पट्टीने, माझ्याकडे बघत. मी सेल्फ मारला.

टक, टक, टक, टक. निळी, जाड, भर उन्हात दिसणारी ठिणगी.

"मारा परत!" वायर टोपीत खोचून ती म्हणाली. मी मारला, आणि गाडी खोकली, थरथरली, आणि चालू झाली. खिडकीतल्या दोन पेशंटांनी टाळ्या वाजवल्या. ते बहुतेक मी पुन्हा उडेन या आशेवर थांबले होते.

दीर धापा टाकत परत आला. "बाबा, चष्मा घरात कुठेच नाहीये."

"खिशात आहे. तुझं लक्ष कुठे असतं?" म्हणत मिस्त्री रिक्षातून उतरले, चाचपडत गाडीपर्यंत गेले आणि पुढच्या सीटवर बसले. दीर बघत राहिला. मग मुकाट्याने मागचं दार उघडून तोही बसला. मी थोड्या वेळापूर्वी त्याची कॉलर ओढायला तयार होतो, पण त्या वेळी त्याचा चेहरा बघून मला कसंसंच झालं. रिक्षा त्यानेच आणली होती, आणि आता ती रिकामीच परत जाणार होती. करंटीने आरशातून त्याला विचारलं, "भाऊजी, दार नीट लागलं का?" आणि गाडी काढली.

परवान्यावर तिचं नाव आहे. दिराची कव्हरं तिच्याच टपरीच्या उजव्या दारावर टांगलेली असतात, तिनेच आकडा ठोकून दिला. इग्निशनचं गिऱ्हाईक आता कुठे दुसरीकडे जात नाही. ती डिस्ट्रिब्युटर उघडते तेव्हा तोंड रस्त्याकडे करून बसते, ज्याला बघायचं त्याने बघावं. चंदेरी रंग अजून लावते. खरवडतेही, मोठ्याने सांगून. मिस्त्री अजून तिला करंटेच म्हणतात. सगळं बदलतं असं मी कुठे म्हटलं?

मला राहवलं नाही. एकदा मी त्यांना गाठलंच. "मिस्त्री, त्या दिवशी 'अर्थ नाही' म्हणालात ते नेमकं कोणत्या अर्थाने?"

म्हातारा बैठकीवर पाय वर घेऊन बसला. "तुम्ही भाषणं करणारी माणसं. अर्थ तुम्ही लावायचा."

बॉनेटच्या आतून आवाज आला, "खरवडल्याशिवाय लागत नाही हो भाऊ!"

तेवढ्यात एक गाडी धक्का खात खात आली. मालक घामाघूम. त्याने टपरीत नजर टाकली, करंटीच्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं आणि विचारलं, "मिस्त्री कुठे गेलेत?"

"ही काय तुमच्या समोर," मिस्त्री म्हणाले. "डोळे तपासून घ्या एकदा. मला दिसतंय, तुम्हाला दिसत नाही?"

म्हणून तुम्हाला एवढंच सांगणं आहे. कधीतरी तुमची गाडी अशी अडेल आणि समोर अशी एखादी बाई असेल, तेव्हा तिच्या डोक्यावरून पलीकडे कोणाला शोधू नका. बॉनेट उघडा, चावी तिच्या हातात द्या, आणि तिने वायर लाकडी पट्टीने धरायला सांगितली तर कृपा करून लाकडी पट्टीनेच धरा.